वजनातला चिखल

पत्र आलं तेव्हा मी एका हातानं अंडं फोडायला शिकत होते.
डावा हात खांद्यापाशीच घुटमळायचा,
पुढं यायचा नाही.

नाव बरोबर होतं. आर्डिथ राइसिग, स्कॉट्सब्लफ, नेब्रास्का.
पुढं, माझ्या आरोग्य विम्यानं माझ्या हाडांवर केलेला खर्च,
एक्केचाळीस हजार तीनशे अठरा डॉलर, बासष्ट सेंट,
मी तीस दिवसांत परत करावा,
कारण ट्रकच्या विमा कंपनीनं मला पन्नास हजार दिलेत.

पन्नासांतला तिसरा हिस्सा वकिलानं आधीच उचललेला.
उरलेल्यातून हे गेले, तर
मोडलेल्या खांद्याचे वर आठ हजार
मलाच घालावे लागणार होते.

बासष्ट सेंट मी दोनदा वाचले.
एवढ्या रकमेला शेपूट कोण ठेवतं?

ट्रक डेलन श्विंटचा. वय एकोणीस.
ऑक्टोबरात इथं कुणी झोपत नाही,
शेतातलं बीट रात्रंदिवस कारखान्याकडं धावतं.
तो झोपला, चार सेकंद.
काच फुटून एक बीट माझ्या मांडीवर आलं,
मातीनं माखलेलं, बाळाच्या डोक्याएवढं.
मी त्याला धरलं.
एवढंच आठवतं. त्यानंतरचे दोन दिवस
माझ्याकडं नाहीत.

यूनिस कारखान्यात वजनकाट्यावर बसते, सव्वीस वर्षं.
पत्र वाचून तिनं चष्मा वर ढकलला.
म्हणाली, "आम्ही भरल्या ट्रकचे पैसे देतो का?
आधी चिखल वजा करतो.
यांच्याकडं यादी माग. ओळ न् ओळ.
आणि तोवर कशावरही सही करू नकोस, बाई."

यादी आली. अकरा पानं.
डोळ्यांची तपासणी, अपघाताच्या तीन आठवडे आधीची.
चिखल.
गर्भचाचणी, एक. रुग्णाचं वय एकसष्ट.
यूनिस एवढी हसली की कॉफी टेबलावर सांडली,
मी हसले तेव्हा बरगड्यांनी हिशेब मागितला.
एकच एक्स-रे दोन ठिकाणी. चिखल.
लाल पेन झरझर चाललं होतं.

मग चौथं पान.
रात्री तीन दहा. गरम पांघरूण, एक.
तीन चाळीस. गरम पांघरूण, एक.
चार वीस. गरम पांघरूण, एक.
प्रत्येकी अडतीस डॉलर.

"अडतीस!" यूनिस म्हणाली. "खोड हे."

पण मी त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच शिरले होते.
मला थंडी वाजत होती तर.
मी तसं म्हणाले असेन, किंवा दात वाजले असतील,
आणि कुणीतरी उठून गेलं,
परत आलं, पुन्हा गेलं.
तीनदा.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला.
सत्तावीस मिनिटं बासरी ऐकली.
ऑर्लँडो नावाच्या मुलाला विचारलं,
त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं?
तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं फक्त आकडे येतात."
मग जरा थांबून,
"सॉरी. खरंच."

चार पत्रं गेली, तीन आली.
त्यांनी लिहिलं, करारानुसार.
मी लिहिलं, वकिलाचा खर्च तुमच्याही वाट्याला येतो,
तो माणूस तुमचेही पैसे सोडवत होता.
हे वाक्य यूनिसचं.
मार्चमध्ये एकोणीस हजारांवर तुटलं.
कमी नाहीत. छप्पर यंदाही गळणार.

चेक लिहिताना यूनिसनं शेवटचं विचारलं,
"ती पांघरुणं का नाही खोडलीस?"
मी काही बोलले नाही.
डाव्या हातानं पाकीट दाबून धरलं.
एवढं तो करतो आता.